पायलं का आयकलं?

दिग्रसच्या आमच्या शाळेत वाचनालयाचा तास शनिवारी असायचा, सकाळच्या शाळेत, अगदी शेवटचा. या तासाला इतर गावांत पोरं गोष्टीची पुस्तकं घेऊन बसतात आणि मास्तर डुलकी काढतात, हे मला फार पुढे, स्वतः शिक्षिका झाल्यावर कळलं. आमचे लायब्ररीचे सर त्या तासाला आम्हाला वर्तमानपत्र वाचायला शिकवत. अक्षरं आम्हाला येतच होती. त्या अक्षरांवर कधी भरवसा ठेवायचा आणि कधी नाही, हे ते शिकवत.

साठ सालानंतरची गोष्ट. मी आठवीत होते, आणि तांड्यातून हायस्कुलात येणारी मी एकटीच मुलगी होते. आमचा तांडा गावापासून कोस-दीड कोसावर, आर्णीच्या रस्त्याला. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरत. वडिलांच्या पिढीपर्यंत सगळे एका जागी बसून कापूस-ज्वारी पेरू लागले होते. वडील तांड्याचे नायक होते. त्यांना सही करता यायची, बाकी काही नाही. "नायकाच्या पोरीनं अंगठा उठवू नये," एवढ्या एका कारणावर त्यांनी मला शाळेत घातलं होतं.

सर चाळिशीचे असतील. उंच, किडकिडीत, पांढरा पायजमा आणि कोपरावर विरलेला करडा कोट. त्यांचं घराणं पिंजाऱ्यांचं. वडील गावात गाद्या भरायचे, आणि थंडीच्या सुरुवातीला त्यांच्या कापूस पिंजायच्या धुनकीचा आवाज शाळेपर्यंत यायचा. सर मात्र अमरावतीला जाऊन शिकून आले होते. बोलायचे आमच्यासारखंच वऱ्हाडी, मधूनच एखादा उर्दू शब्द. पुस्तकाला हात लावण्याआधी तळवे दाखवावे लागत. पान दुमडलेलं सापडलं, की सर भयंकर रागवायचे. इतके की एकदा एका पोराला दुमडलेल्या पानाची माफी मागायला लावली होती, सगळ्यांदेखत, पुस्तकाकडे तोंड करून. तो जरा अतिरेकच होता. पण आम्ही त्यांना भीत नव्हतो.

नागपूरची दोन वर्तमानपत्रं दुपारच्या एसटीनं यायची आणि जिल्ह्याचं एक साप्ताहिक. सर ती लांब टेबलावर शेजारी शेजारी मांडत. मथळ्यावर कागदाची पट्टी ठेवून झाकत आणि म्हणत, "आता बातमी वाचा, अन् मथळा तुम्ही द्या." एकाच बातमीला वर्गात जितकी डोकी तितके मथळे निघायचे. मग पट्टी उचलली, की छापलेला मथळा आमच्यातल्या सर्वांत आगाऊ पोराच्या मथळ्यासारखा निघायचा, आणि आम्ही हसायचो.

एकदा आठवडी बाजारात दोन बैल झुंजले आणि कुंभाराची मडकी फुटली. सरांनी शनिवारी सांगितलं, "ज्यानं पायलं त्यानं चार ओळी लिहा." एकानं लिहिलं, पाच-सहा मडकी फुटली. दुसऱ्यानं लिहिलं, गाडीभर. तिसऱ्याचं लिखाण तर इतकं झकास, की बैलाच्या नाकपुडीतून निघालेली वाफसुद्धा त्यात होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी त्याला विचारलं, "तू कुठं उभा होता?"

"मी घरी होतो सर. आत्यानं सांगतलं."

वर्ग खो-खो हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "याचं तुमाले सगळ्यात गोड लागलं. ध्यानात ठेवा पोट्टेहो. न पायलेलं नेहमी गोड लागते." आणि तेव्हापासून वर्गात कोणी काही सांगायला लागलं, की सर एवढंच विचारायचे, "पायलं का आयकलं?" आम्हीही मधल्या सुट्टीत एकमेकांना तेच विचारून छळायचो. तो आमचा खेळच झाला होता.

त्या हिवाळ्यात तो खेळ राहिला नाही.

नदीवर पुलाचं काम चाललं होतं. पायासाठी खोल खड्डे खणले होते. गावात बोलवा उठली, की पूल उभा राहायला पायात लेकरू घालावं लागतं आणि त्यासाठी मुलं पळवणारे लोक फिरताहेत. आधी पोरंच बोलायची, मग बाया बोलायला लागल्या. अशात एका कापडवाल्याचा धाकटा मुलगा, चौथीतला, एका दुपारी घरून निघाला तो परत आलाच नाही. विहिरी पाहिल्या, नदीकाठ पाहिला. दुसऱ्या दिवशीही पोराचा पत्ता नाही.

आणि साप्ताहिकात बातमी आली. पहिल्या पानावर, जाड अक्षरांत. गावातल्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याचा मुलगा बेपत्ता झाला असून, पुलाच्या पायासाठी मुले पळविणारी टोळी परिसरात वावरत असल्याचे समजते. जवळच्या एका तांड्यावर संशय व्यक्त होत आहे.

गावाजवळ तांडा एकच होता. आमचा.

त्याच दिवशी याडी, म्हणजे माझी आई, बाजाराला गेली होती. तिचा पेहराव आरशांचा, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बलोया. गर्दीत ती लांबून ओळखू यायची. जिच्याकडून ती दर आठवड्याला वांगी घ्यायची त्या बाईनं टोपलीवर हात ठेवला. "तुमच्या लोकाइले नाई देत मी. जा." हे सोबतच्या शेजारणीनं मला नंतर सांगितलं. याडी रिकामी पिशवी घेऊन घरी आली. विचारल्यावर एवढंच म्हणाली, "वांगी संपलती."

शाळेत माझ्या बाकावर माझी मैत्रीण बसायची. तिच्या वडिलांचं बसस्टँडजवळ ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं आणि तिच्या दप्तराला कायम ग्रीसचा वास यायचा. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुढच्या बाकावर जाऊन बसली. मान खाली घालून म्हणाली, "अम्मीनं सांगतलं." मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शाळा सोडायची, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं.

शनिवारी सरांनी टेबलावर नेमकं ते साप्ताहिक मांडलं. मला वाटलं, हेही त्यांच्यातलेच. मी दाराकडे सरकले. सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बस बेटा. आज व्याकरन आहे."

सरांनी बातमी मोठ्यानं वाचून घेतली. मग विचारलं, "'असल्याचे समजते.' कोनाले समजते? कर्ता सांगा."

पोरं टेबलावर वाकून शब्द शोधू लागली.

"'संशय व्यक्त होत आहे.' कोन करून राह्यलं व्यक्त? कर्ता?"

एका पोरानं भीत भीत सांगितलं, "सर, कर्ता नाई."

"नाई ना? मंग आयका. कर्ता नसलेलं वाक्य म्हंजे धनी नसलेला बैल. कोनाच्याही वावरात शिरते, अन् पीक खाल्लं त दावा कोनावर लावाचा, सांगा." सरांनी लाल पेन्सिलीनं दोन्ही क्रियापदांखाली रेघ मारली. "एका माणसानं तरी पायलं, असं इथं लिहिलं आहे का? पुन्हा वाचा."

आम्ही पुन्हा वाचलं. वर्गातल्या त्या सगळ्या पोरांनी ती बातमी घरी तीन-चारदा ऐकली होती. त्यात पाहणारा एकही माणूस नाही, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मलाही.

"छापलं नाई ते आता आपन शोधू," सर म्हणाले. मोठ्या पोरांना त्यांनी पुलावर पाठवलं, ही पायाची गोष्ट पहिले कोणी सांगितली ते विचारायला. माझ्या मैत्रिणीला म्हणाले, "तुह्या अब्बाच्या गॅरेजवर दहा गावचे ड्रायव्हर येतात. विचारून पाय." पोराच्या घरी ते स्वतः जाऊन आले होते, पण तिथं रडण्यापलीकडे काही कळलं नव्हतं. मग माझ्याकडे वळले.

"तू तांड्यात विचार."

इतका वेळ ते माझ्या बाजूनं बोलत होते असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "सर, तुमालेही तसंच वाटते का?"

"मले काहीच वाटत नाई," सर म्हणाले. "मी पायलं नाई."

मला रडू आलं. मी रडत रडतच रस्त्याला लागले. गावाबाहेर पडते न पडते तोच मागून सायकल आली. सर उतरले आणि सायकल हातात धरून माझ्यासोबत चालू लागले. तांड्यापर्यंत ते सायकलवर बसले नाहीत.

तांड्यात वडील बाजेवर बसले होते. नमस्कार झाला. सरांनी आढेवेढे न घेता विचारलं, "नायक, पोरगं हरवलं आहे. गावात तांड्याचं नाव निघून राह्यलं. इथं कोनी त्याले पायलं का?"

वडिलांनी डोक्यावरचं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. मी तेव्हा सरांचा द्वेष केला, हे खरं आहे. मग वडील म्हणाले, "मास्तर, बाकीचे रस्त्यानं जाता जाता आमच्याकडे पायते अन् थुकते. विचारलं कोनीच नाई. तुमी आले, विचारलं. बसा." आणि उठून म्हणाले, "घरं पाहून घ्या आमची."

"घरं नाई पायत मी," सर म्हणाले. "मानसं विचारतो."

वडिलांनी माणसं बोलावली. एकेकाला विचारून झालं. कोणी काही पाहिलं नव्हतं. शेवटी दारात पदर ओढून उभ्या असलेल्या बायांकडे वळून वडिलांनी आमच्या बोलीत तेच विचारलं. याडी परक्या माणसासमोर बोलत नसे. तिनं मला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं. ती रस्त्याकडेच्या वावरात कापूस वेचत होती. कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक गेला. गाठींवर, अगदी वर, एक पोरगा बसला होता, ऊस खात. तिनं वर पाहिलं तर त्यानं हात हलवला.

मी धावत सरांकडे गेले. "सर, याडीनं त्याले पायलं! तो कापडवाल्याचा पोरगा ट्रकवर होता!"

"थांब," सर म्हणाले. "आईनं कापडवाल्याचा पोरगा म्हटलं, का एक पोरगा म्हटलं?"

मी म्हटलं, "एक पोरगा."

"मंग तेच सांग. मधात आपलं काही टाकू नको. कोनत्या रंगाचा ट्रक, विचार."

मी दोघांमध्ये जा-ये करू लागले. याडी सांगे, मी सांगे, सर पुन्हा विचारत. निळा ट्रक. दारावर मोर काढलेला. पोराच्या अंगात काय होतं, ते तिला आठवत नव्हतं. सरांनी तेही तसंच ठेवलं, "आठवत नाही". वार मात्र तिला पक्का आठवत होता, कारण त्या दिवशी शेजारणीची गाय व्यायली होती. तो वार मुलगा हरवला त्याच दिवसाचा निघाला. शेवटी वडिलांनी तिला विचारलं, इतक्या दिवसांत बोलली काहून नाहीस? ती म्हणाली, "लोक म्हणत होते, पोराला पळवलं. मी पाहिलेला पोरगा तर हसत होता. मला वाटलं, ड्रायव्हरचा असेल. आणि मला विचारलं कोणी?"

सर चहा प्यायले नाहीत. तसेच सायकलवर बसून गावाकडे गेले.

पुढचं मी मैत्रिणीच्या तोंडून ऐकलं. ऐकलेलंच आहे, पण तिनं ते पाहिलं होतं. सर थेट गॅरेजवर आले. दारावर मोर काढलेला निळा ट्रक म्हटल्याबरोबर तिचे वडील उठले. त्याच ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे त्यांनी महिन्यापूर्वी बदलले होते. तो दिग्रसहून गाठी घेऊन पांढरकवड्याच्या बाजूनं हैदराबादच्या रस्त्याला लागायचा आणि चार-पाच दिवसांनी परत यायचा. दोघं तसेच कापडवाल्याच्या दुकानी गेले. दुकानासमोर दहा-वीस माणसं जमली होती, काहींच्या हातात काठ्या. तांड्यावर जायचं बोलणं चाललं होतं. सरांनी भाषण केलं नाही. कापडवाल्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "भाऊ, पांढरकवड्याकडे तुमचं कोनी आहे का?"

कापडवाला म्हणाला, "तिकडे झरीजवळ माहा साळा आहे. जंगलच्या ठेक्यावर कारकून." आणि बोलता बोलताच तो खाली बसला. पोरगा मामाकडे जायचा हट्ट करून महिनाभर मार खात होता, हे त्याला तेव्हा आठवलं. त्यानंच लोकांना सांगितलं, काठ्या ठेवा.

पोरगा मामाकडेच सापडला. झरीकडच्या त्या जंगलात तेव्हा एसटी जात नव्हती, तार पोचायची नाही. मामाला वाटलं, भावजींनी ड्रायव्हरसोबत धाडलं असेल. पोरानं तसं सांगितलंही होतं. ड्रायव्हरला पोरानं सांगितलं होतं, की मामा रस्त्यावर घ्यायला येणार आहे. सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहून विश्वास ठेवला. चांगलं जाडंजुडं होऊन आलं ते बेटं.

पुलावर गेलेल्या पोरांनाही त्यांचं उत्तर मिळालं. पायाची गोष्ट तिथल्या म्हाताऱ्या चौकीदारानं काढली होती. तो अगदी मोकळेपणानं म्हणाला, "पोट्टे खड्ड्यात उतरून राह्यलते. दरड पडली असती त मेले असते. म्हनून म्या म्हटलं, पायात घालतीन तुमाले. त्यात काय वाईट केलं?" त्याच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. ती त्याची धमकी घरोघर फिरून, वेस ओलांडून, यवतमाळच्या छापखान्यातून जाड अक्षरांत परत आली, याचा त्याला पत्ताही नव्हता.

पुढच्या शनिवारी सरांनी साप्ताहिकाला बातम्या पाठवणाऱ्या माणसालाच वर्गात बोलावलं. गावात त्यांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. सरांनी त्यांना मानानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि आम्हाला बजावलं, "पाहुणे आहेत. आवाज चढवाचा नाई. विचाराचं फक्त."

पहिला प्रश्न माझ्या मैत्रिणीनं विचारला. ती त्या दिवशी पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसली होती. मी सरकून जागा दिली होती, पण बोलले नव्हते. ती उभी राहून म्हणाली, "काका, तुमी कोनाले पायलं होतं का?"

काका हसले, मग हसायचे थांबले. रुमालानं मान पुसली. "नाई बेटी. चौकात बोलून राह्यलते सगळे. एसटी सुटाची वेळ झालती. लिहिलं, अन् देऊन देलं कंडक्टरजवळ." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मी तांड्याची, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या पाट्या-वह्या त्यांच्याच दुकानातून आल्या होत्या. "तांडा लिहाले नोको होता," ते म्हणाले. सरांनी आम्हाला त्याहून जास्त ताणू दिलं नाही. उलट बातमी कशी पाठवतात, किती शब्दांत बसवावी लागते, छापखान्यात कोण मथळा देतो, हे सगळं त्यांच्याकडून वदवून घेतलं. काका जाताना खूश होते. त्यांना आमच्या शाळेत त्यानंतर पुष्कळदा बोलावलं.

दुरुस्ती छापून आली, ती शेवटच्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, दोन ओळी. सरांनी दोन्ही अंक टेबलावर ठेवले आणि एका पोराला फूटपट्टी दिली. त्यानं मोजून पाहिलं. खोट्याला वीतभर जागा मिळाली होती आणि खऱ्याला बोटभर. "म्हनून म्हनतो," सर म्हणाले, "वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत जा."

त्या दोन ओळी बाजारातल्या बाईपर्यंत कुठल्या पोचायला? पण कापडवाल्याची बायको स्वतः मुलाला घेऊन आमच्या तांड्यात आली, याडीला लुगडं घेऊन. ते पोचलं. पुढच्या बाजारी त्या बाईनं याडीला लांबूनच हाक मारली आणि पिशवीत दोन वांगी जास्त टाकली. याडीनं ती दोन काढून परत ठेवली, पैसे देऊन बाकीची घेतली. वर्षभर ती तिच्याकडून मोजूनच घेत राहिली. सरांना मात्र दर दिवाळीला आमच्याकडून लापशी जायची, आणि ईदेला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा.

मॅट्रिक झाल्यावर मी सरांचा निरोप घ्यायला गेले. ते कपाटातली पुस्तकं उन्हात टाकत होते. त्या वेळेपर्यंत माझ्या मनातली एक गोष्ट मी त्यांना विचारली नव्हती. म्हटलं, "सर, त्या दिवशी तुमी तांड्यात आलते. आमी पोरगा पळवला नाई, हे तुमाले मनातून ठाऊक होतं ना?"

हो म्हणतील, असं मला वाटत होतं. हो म्हणावं, असंही वाटत होतं.

सरांनी हातातलं पुस्तक उघडून, उताणं करून उन्हात ठेवलं. "नाई बेटा," ते म्हणाले. "ठाऊक नव्हतं. म्हनून तर आलतो."

तेव्हा मला ते लागलं. घरी जाताना नदीवरच्या नव्या पुलाच्या कठड्याला टेकून मी कितीतरी वेळ उभी राहिले आणि त्यांच्यावर रुसून घेतलं. पुढे मी शिकवायला लागले, वर्गासमोर उभी राहिले, पोरांनी एकमेकांवर घेतलेले आळ रोज ऐकू लागले. त्या नोकरीच्या पहिल्याच वर्षात केव्हातरी माझा राग गेला. आमच्यावर नुसतीच माया करणारी माणसं मला पुढे खूप भेटली. ठाऊक नाही असं म्हणून, सायकल हातात धरून, एका रडणाऱ्या पोरीसोबत उन्हातून दीड कोस विचारायला येणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.